शनिवार-रविवारी कुठे जायचं? संग्रहालयं, लेणी, किल्ले आणि उत्सव: पुण्याहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा-तेरा वर्षं महिन्यातला एक तरी शनिवार किंवा रविवार आम्ही यासाठी राखून ठेवतो. घरचे पाच जण, कधी शेजारचं एखादं कुटुंब, कधी माझ्या माहेरची मंडळी. त्यामुळे सुट्टी जवळ आली की ओळखीतल्यांचे फोन येतात, आणि बहुतेक प्रश्न तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. आमचं घर पुण्यात, म्हणून सगळी गणितं पुण्याहून निघण्याची आहेत.

एका दिवसात किती ठिकाणं होतात?

एक. फार तर जवळचं दुसरं.

गाडीत बसल्यावर 'वाटेवरच आहे, तेही करून टाकू' असं कोणीतरी म्हणतंच. आम्हीही सुरुवातीला तसंच करायचो. एकदा वाई, मेणवली, सातारा आणि औंध असं सगळं एका रविवारात उरकलं. रात्री लेकीला विचारलं, ती मोठी घंटा कुठे पाहिली? तिला गाव आठवेना, आणि खरं सांगायचं तर मलाही क्षणभर थांबावं लागलं. तेव्हापासून घरातून निघतानाच ठरवतो: आज हे एक ठिकाण, आणि तिथली ही एक वस्तू नीट पाहायची. बाकीचं दिसलं तर दिसलं. या एका सवयीने आमच्या सुट्ट्या बदलल्या, म्हणून हा प्रश्न सगळ्यात वर ठेवलाय.

शनिवार-रविवारी संग्रहालयं उघडी असतात का?

मोठी बहुतेक असतात, पण साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाची वेगळी. अजिंठा लेणी सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, घारापुरी सोमवारी, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली की लोक अजिंठ्याला सोमवारी पोचतात आणि दार बंद. असं होऊ द्यायचं नसेल तर अजिंठा शनिवारी, वेरूळ रविवारी.

लहान गावातल्या संग्रहालयांना आदल्या दिवशी फोन करा. माझ्या वडिलांना त्यांच्या शहात्तराव्या वर्षी तीन तासांच्या प्रवासाने आम्ही एका संग्रहालयात नेलं, तर दाराला कुलूप आणि आत रंगकाम चालू. पाटी नाही, सूचना नाही. वडील पायरीवर बसून राहिले होते, ते मला अजून आठवतं. आता फोन लागला नाही तर त्या गावातलं कोणी ओळखीचं शोधून विचारते, पण विचारल्याशिवाय ज्येष्ठांना घेऊन निघत नाही.

पुण्यात सुरुवात कुठून करावी? शनिवारवाडा की केळकर संग्रहालय?

शनिवारवाडा सगळ्यांना माहीत असतो, म्हणून पाहुणे आधी तिथेच जातात. पायाभरणी १७३० सालची, पहिल्या बाजीरावाच्या वेळची, आणि १८२८ च्या आगीत आतलं सारं लाकडी काम गेलं. आज तिथे तट, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंजी आहेत. आत वाडा कसा होता हे मनातच उभं करावं लागतं, आणि ते करायला आधी एखादा शाबूत वाडा पाहिलेला असावा लागतो.

म्हणून माझं उत्तर राजा दिनकर केळकर संग्रहालय. शुक्रवार पेठेत, नातूबागेत. दिनकर गंगाधर केळकर म्हणजे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे कवी. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, आणि त्याच्या नावाने त्यांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या. गावोगाव हिंडून, घराघरांतून. पत्नी कमलाबाई बरोबरीने त्यात होत्या. संग्रह वीस हजारांच्या वर आहे, आणि मांडलेला आहे त्यातला थोडाच भाग.

तिथे राजेरजवाड्यांच्या तलवारीही आहेत, पण संग्रहालयाचा जीव घरातल्या वस्तूंमध्ये आहे. दिवे, दौती, कुंकवाचे करंडे, फण्या, पानाचे डबे, वाद्यं, दारं. अडकित्त्यांचंच बघा. घोड्याचे आहेत, पक्ष्याचे आहेत, आणि जोडप्याचे आहेत: सुपारी कातरायला दाबलं की दोघं जवळ येतात. वज्र्यांची मांडणी त्याहून मला प्रिय. वज्री म्हणजे अंघोळीच्या वेळी पायाच्या टाचा घासायची. खालचा भाग खरखरीत, आडव्या-उभ्या रेघांचा, आणि वर धरायला मोर, हत्ती, स्वार. मळ काढायच्या वस्तूवर कारागिराने एवढं मन लावलं! आमच्या सासूबाई त्या काचेपुढे दहा मिनिटं उभ्या होत्या. "आमच्याकडे होती अशी. भांडीवाल्याला मोडीत घातली," एवढंच म्हणाल्या. तिथून घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरचं काय काय खाली काढायला लावलं, आणि त्यातून एक समई, एक शकुंतला तांब्या आणि पितळी पोळपाट आज आमच्या दिवाणखान्यात आहे.

कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महालही इथेच आहे. हे सगळं पाहून मग शनिवारवाड्यात जा. जोत्यांवर भिंती, खांब आणि दिवे आपोआप उभे राहतात.

पावसाळ्यात कुठे? सगळे लोणावळ्याला जातात, पण गर्दी नको वाटते.

गाडी सोडा आणि लोकलने मळवलीला उतरा. पुणे-लोणावळा लोकल तिथे थांबते. स्टेशनच्या एका बाजूला भाज्याची लेणी आणि लोहगड, दुसऱ्या बाजूला महामार्ग ओलांडून कार्ल्याची लेणी. एका दिवशी एकच निवडा. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर, म्हणजे बौद्ध प्रार्थनेच्या दालनासमोर, एकवीरा आईचं देऊळ आहे. कोळी समाजाची आणि अनेक सीकेपी घरांची ही कुलदेवता, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पायऱ्या भरलेल्या असतात. पावसाळ्यात पहिल्यांदा जात असाल तर भाजे.

भाज्याचं चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाचं. बावीस लेण्यांचा हा समूह. समोर उभं राहिलं की सगळ्यात आधी खांब बघा: ते सरळ नाहीत, आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. लाकडी इमारतीत वजन पेलायला खांब तसे लावावे लागायचे. दगडात त्याची काही गरज नव्हती, पण कोरणाऱ्याचा हात लाकूडकामाचा होता. मग वर छताकडे बघा. कमानीच्या फासळ्या खरोखरच्या लाकडाच्या आहेत. आणि दर्शनी बाजूला खडकात चौकोनी खाचा दिसतील, त्यात एकेकाळी लाकडी दर्शनी भाग बसवलेला होता, तो गेला. मी प्रत्येक वेळी एका खाचेत बोटं घालते. आत पावसाचं पाणी साचलेलं असतं.

पुढे दक्षिणेकडे चालत गेलं की चौदा स्तूपांचा समूह लागतो, आणि त्यापलीकडच्या विहारात व्हरांड्याच्या भिंतीवर रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र. त्याच विहारात नाचणारी एक स्त्री आणि तिच्याशेजारी तबल्यासारखी जोडवाद्यं वाजवणारी दुसरी आहे. माझ्या भाच्याला तबल्याचा क्लास कंटाळवाणा वाटायचा. ते शिल्प त्याला दाखवलं, तर त्याने तिथेच मांडीवर ठेका धरला.

धबधब्यांबद्दल कळकळीने सांगते. लेण्यांच्या पायथ्याशी आणि आसपास पाणी सुंदर पडतं, पण वर डोंगरावर झालेला पाऊस खाली अचानक येतो. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात काही ठिकाणी बंदीचे आदेश काढतं, ते निघण्याआधी बघा आणि पाळा. लेण्यात उभं राहून पाऊस बघण्यात जे सुख आहे ते वाहत्या पाण्यात उतरून मिळत नाही.

वारी पाहायला जायचं तर?

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, तुकाराम महाराजांची आदल्या दिवशी देहूहून. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात. सगळे मुक्कामाच्या दिवशी दर्शनाच्या रांगेत उभे राहतात. आम्ही त्याऐवजी ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडकडे निघते त्या दिवशी दिवे घाटात जातो. पहाटे लवकर, कारण नंतर रस्ता बंद होतो. घाटाच्या वळणांवरून दिंड्या वर चढताना दिसतात, पखवाज आधी ऐकू येतो आणि माणसं मागून. बरोबर केळी किंवा राजगिऱ्याचे लाडू न्या, वाटायला. पाहायला गेलेल्या माणसाने निदान चार पावलं चालावीत असं मला मनापासून वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना काय दाखवावं?

किल्ला, आणि तोही दिवाळीच्या आधी. आपल्याकडे मुलं अंगणात, गॅलरीत मातीचा किल्ला करतात आणि तो करून झाल्यावर सुट्टीत खरा किल्ला बघायला जातात. हे उलट करून बघा. पाऊस सरला की आश्विनात लोहगडावर जा. डोंगर सोनकीने पिवळे झालेले असतात, वाट कोरडी असते, ऊन अजून सोसवतं. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, असे चार दरवाजे एकामागून एक वळणं घेत वर चढतात. शत्रूला सरळ रेषेत धावताच येऊ नये म्हणून ही वळणं आहेत. मुलाला प्रत्येक दरवाज्यात उभं करून विचारा, आता पुढचा दरवाजा दिसतो का? दिसत नाही. हे एकदा कळलं की तुमच्या गॅलरीतल्या किल्ल्याची वाट यंदा सरळ नसणार. गडाची विंचूकडा नावाची लांब सोंड, आणि नाना फडणविसांनी बांधून घेतलेली सोळाकोनी बाव, हे दोन्ही मुलं आपल्या मातीच्या किल्ल्यात हमखास करतात.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात लोहगड आहे. उरलेले साल्हेर, शिवनेरी, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. सगळे 'करायचे' म्हणून मागे लागू नका. शिवनेरीला गेलात तर एक दिवस पूर्ण द्या, आणि जुन्नरलाच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी नाणेघाट. सातवाहनांच्या राणी नागनिकेचा शिलालेख तिथल्या लेण्यात आहे, आणि घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण. दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे त्या भिंतीवर कोरलेले आहेत. किती गाई दान दिल्या, किती नाणी दिली, याचा हिशेब.

औंधला जायला एवढं काय आहे? तुम्ही सगळ्यांना तेच सांगता.

सांगते, कारण लोक पुण्यातल्या औंधवर थांबतात.

हे सातारा जिल्ह्यातलं औंध, रहिमतपूरच्या पुढे. छोटं संस्थान होतं. इथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. सूर्यनमस्कार शाळाशाळांत पोचवणारे ते हेच. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर इथे राहिले, आणि किर्लोस्करवाडी वसली ती याच संस्थानाच्या जमिनीवर. १९३९ साली या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली, गांधीजींच्या सल्ल्याने. आणि त्याच्या आदल्या वर्षी स्वतः जमवलेल्या कलेसाठी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं.

डोंगरावर का, हे तिथे गेल्यावर कळतं. यमाईच्या दर्शनाला चढणारा शेतकरी वाटेत सहज आत यावा आणि त्याने रविवर्म्याचं चित्र पाहावं, अशी ती जागा आहे. अजूनही तसंच होतं. गेल्या वेळी माझ्या शेजारी एक आजोबा उभे होते, डोक्याला पटका, हातात देवीच्या ओटीतला नारळ. ते रविवर्म्याच्या चित्रातल्या साडीच्या काठाकडे इतकं वाकून पाहत होते की पहारेकरी हसून म्हणाला, बाबा, जरी खरी नाय. मुंबईतल्या मोठ्या गॅलरीत मी असं दृश्य पाहिलेलं नाही.

चित्रकार धुरंधरांची चित्रं आहेत, बंगाल शैलीची आहेत, हस्तिदंती आणि चंदनी काम आहे. आणि एका ठिकाणी हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प आहे. होय, औंधमध्ये. पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्याच्यासमोरून तशीच पुढे गेले होते. म्हणून म्हणते, एक वस्तू ठरवून जा.

जायची उत्तम वेळ आश्विन. अंतुबुवा जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला औंध संगीत महोत्सव दिवाळीच्या आधी, आश्विन वद्य पंचमीच्या सुमाराला होतो. सकाळी संग्रहालय, मग दर्शन, आणि नंतर गाणं. गावातलं गाणं ऐकण्याची बैठक वेगळी असते. मागे कोणाच्या तरी मांडीवर मूल झोपलेलं असतं आणि पुढे ख्याल रंगलेला असतो.

सवाई गंधर्वला पहिल्यांदा जातोय. काय लक्षात ठेवावं?

हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव डिसेंबरात, पुण्यात. भीमसेन जोशींनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केला. पूर्वी रात्रभर चालायचा, आता ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे रात्री दहाच्या सुमाराला संपतो. सगळ्या दिवसांचं तिकीट काढण्याचा हट्ट नको. एक शनिवार पुरे. भारतीय बैठकीला चटई, अंगावर शाल, आणि संध्याकाळनंतर खरंच थंडी असते म्हणून कानाला काहीतरी. मुलांना आणत असाल तर एखाद्या वाद्यवादनाच्या वेळी आणा. दुसऱ्या गावाहून येणाऱ्यांनी सकाळ रिकामी घालवू नये: नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसमध्ये जा. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४४ च्या मेपर्यंत गांधीजी इथे कैदेत होते. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा दोघांनीही इथेच शेवटचा श्वास घेतला. मागच्या बाजूला त्यांच्या समाध्या आहेत. तिथे हळू बोला.

वाई-मेणवलीला कधी जावं?

माघ-फाल्गुनात. तेव्हा वाईच्या सात घाटांवर आळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव चालू असतो, कीर्तनं होतात, घाटावर पंगती बसतात. ढोल्या गणपती बघा, पण ठरवून पाहायची वस्तू मेणवलीची घंटा. नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट, आणि घाटावर छोट्या देवळात टांगलेली ही प्रचंड घंटा. वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून जी लूट आणली त्यातली. जवळ जाऊन बघा: त्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मरिया. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटाही अशीच पोर्तुगीज. चर्चची घंटा महादेवाच्या दारात इतकी वर्षं वाजते आहे, आणि मरियेची आकृती कोणी घासून काढली नाही. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

उन्हाळ्यात हे सगळं बंदच ठेवायचं का?

किल्ले आणि उघडी लेणी बंद. छताखाली जा. एप्रिल-मे हा मुंबईच्या संग्रहालयांचा काळ. डेक्कन क्वीनने सकाळी निघा आणि सीएसएमटीला उतरा. शनिवारीच जा, रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो आणि मुलांचे हाल होतात.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आधी की भाऊ दाजी लाड, असं विचाराल तर मुलं लहान असतील तर दुसरं. भायखळ्याला, राणीच्या बागेला लागून. १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं हे संग्रहालय एवढं आटोपशीर आहे की दीड तासात पाय दुखायच्या आत बघून होतं. जुन्या मुंबईच्या जाती-जमाती, धंदे, पगड्या, होड्या यांच्या छोट्या मातीच्या प्रतिकृती मुलांच्या उंचीवर आहेत. बाहेर आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा. याच हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला न्यायला उचलताना त्याचे तुकडे झाले, ते जोडून तो इथे ठेवलाय. अंगावरचे सांधे दिसतात. थंडीत घारापुरीला जाल तेव्हा मुलं स्वतःच विचारतील, हत्ती कुठे उभा होता?

किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की जंजिरा आणि सिंधुदुर्गाच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. तेव्हा ते मेच्या मध्यापर्यंतच. आणि रत्नागिरीला जोडून सुट्टी मिळाली तर थिबा राजवाडा चुकवू नका. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, आणि १९१६ साली तो इथेच वारला.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं म्हणतात. वेळ कशी कळणार?

कोळ्यांचा हिशेब वापरा. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. येईल तो ढोबळ मानाने भरतीचा तास. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती. सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला पाणी उतरलेलं. चतुर्थी-पंचमी या दृष्टीने फार सोयीची, कारण ओहोटी सकाळच्या उन्हात मिळते आणि उधाण नुकतंच सरलेलं असल्यामुळे पाणी बरंच मागे जातं. अष्टमीच्या सुमाराला ओहोटी भर दुपारी असते, पण भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे, दिवस असल्यामुळे पाणी पुरेसं हटत नाही. संकष्टीला गेलात तर आतल्या गणपतीचं दर्शनही होतं. राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. आत गोड्या पाण्याचं तळं आहे, समुद्राच्या मधोमध.

हे गणित वाट ठरवण्यापुरतं. पाण्यात पाय टाकण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसांना विचाराच, आणि ते 'आता परत फिरा' म्हणाले की फोटो अर्धवट सोडून परत फिरा.

तिकिटं महाग असतात का?

नाही. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना चहा-वड्यापेक्षा फार जास्त लागत नाही आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. दारावरचा क्यूआर कोड वापरून ऑनलाइन काढलं तर रांगही टळते. पण डोंगराच्या पायथ्याशी रेंज नसते, म्हणून घरूनच काढा. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि १९ नोव्हेंबरला सुरू होणारा वारसा सप्ताह लक्षात ठेवा. वारसा सप्ताहात बऱ्याच ठिकाणी खास प्रदर्शनं आणि जाणकारांबरोबर फेऱ्या असतात.

अजिंठा-वेरूळ दोन दिवसांत जमतं?

जमतं. शुक्रवारी रात्री निघा. शनिवारी अजिंठा, छत्रपती संभाजीनगरहून साधारण शंभर किलोमीटर. खाजगी गाड्या फर्दापूर फाट्याला थांबतात, तिथून पुढे बस. रविवारी वेरूळ, तीसेक किलोमीटर. अजिंठ्याला पहिल्या लेण्यात शिरल्या शिरल्या बाहेर पडू नका. आत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला आहे. भिंतीपुढे दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहिलं की अंधारातून पद्मपाणी, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, हळूहळू वर येतो. लोक अर्ध्या मिनिटात 'काही दिसत नाही' म्हणून निघून जातात तेव्हा माझा जीव तुटतो. वेरूळला कैलास आधी वरून, डोंगराच्या कडेवरून बघा, मग खाली उतरा. शिखरापासून खाली कोरत आले हे वरूनच पटतं.

मुलं कंटाळतात. काय करावं?

माहिती सांगणं थांबवा. एक वही आणि पेन्सिल द्या, आणि एकच वस्तू काढायला सांगा. अडकित्ता, खांबावरचा घोडा, तोफेचं चाक, काहीही. चित्र चांगलं आलं पाहिजे असं नाही. काढताना वीस मिनिटं त्या वस्तूकडे पाहिलं जातं, मोठी माणसंही तेवढं पाहत नाहीत. आणि खाणं वेळेवर. आमच्या डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, काकडी, गूळपोळी. बाहेर हिरवळीवर बसून खायचं, कागद घरी आणायचा.

भिंतींवर नावं कोरलेली दिसतात. कोणाला काही बोलावं का?

बोलावं, पण सगळ्यांसमोर अपमान करून नाही. तरुण मुलं असतील तर मी त्यांना अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याची गोष्ट सांगते. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आलेला असताना त्याला ही लेणी दिसली, आणि त्याने खांबावरच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख खरवडून ठेवली. तेव्हा लेण्यात दगडमाती साचून जमीन बरीच वर आली होती, म्हणून आज ते नाव डोक्याच्या वर दिसतं. दोन शतकं झाली, तिथला रंग काही परत आला नाही. गेल्या हिवाळ्यात लोहगडाच्या दरवाज्यात एका मुलाला ही गोष्ट सांगितली. त्याच्या हातात किल्ली होती. त्याने ती खिशात घातली आणि विचारलं, ते नाव अजून वाचता येतं का? येतं, म्हटलं. जाऊन बघ एकदा.